माग

कंपनीच्या कागदावर माझं काम : ट्रान्स्क्रिप्शन.
घरी सांगितलं, माग काढते,
चारशे वर्षांपूर्वीच्या माणसांचा.
नायना म्हणाले, आपण तर दोन वर्षांपूर्वीच काढले.

सहा होते. भंगारवाल्यानं किलोवर घेतले.
काट्यावर चढवताना एकाची फणी निखळली,
ती नायनांनी पिशवीत घातली.
अजून मीटरच्या पेटीमागे आहे.

आता त्या शेडमध्ये मी बसते.
भद्रावती पेठ, वर पत्रा,
फरशीवर तेलाचे सहा काळे चौकोन,
माझं टेबल तिसऱ्यावर.
शेजारी अजून टॉवेल निघतात. खटाखट थांबली
की समजायचं, वीज गेली.

या आठवड्याचं गिऱ्हाईक लीड्सच्या एक बाई.
त्यांना हवा आहे एडमंड क्रॉशॉ,
आईकडून बारा पिढ्या वर.
गावाचं नाव तीन पानांवर तीन तऱ्हांचं,
अक्षर म्हणजे साखरेभोवतीच्या मुंग्या.
डोळा बसायला पंधरा दिवस गेले.
मग मृत्युपत्राची पहिली ओळ आपणहून उलगडली :
शरीरानं आजारी, पण देवाच्या दयेनं मन शाबूत असलेला
मी एडमंड, विणकर.

विणकर.
मी खुर्ची पुढे ओढली.

थोरल्याला मोठा माग, त्यावर चढवलेल्या ताण्यासकट.
धाकट्याला दोन फण्या.
बायकोला पितळेचं पातेलं, आणि मागची खोली,
तिनं दुसरं लग्न करेपर्यंत.
आणि तिच्या पोटात जे लेकरू आहे
त्याला एक मेंढी.
सहीच्या जागी फुली. जरा तिरकी.

मेंढीचं पुढं काय झालं, हे शोधणं
माझ्या कामात बसत नव्हतं. तरी चर्चचं दप्तर उघडलं.
अ‍ॅग्नेस, मयत एडमंडची लेक. बाप्तिस्मा, ३० मार्च १६२२.
अ‍ॅग्नेस, तीच. दफन, १० जानेवारी १६२२.
आधी पुरली, मग जन्मली.
सुपरवायझर म्हणाला, लाल कर आणि पुढे जा.

रात्री जेवताना अम्मा म्हणाली,
उगादी यंदा मार्चातच आलीय, कडुलिंबाचा फुलोरा बघून ठेव.
घास हातातच राहिला.
अगं, त्यांचंही वर्ष तेव्हा मार्चात बदलायचं!
जानेवारी म्हणजे वर्षाचं शेपूट.
पोरगी सव्वानऊ महिने जगली होती.
धरून उभी राहत असेल. मागाच्या पायाला धरून,
थोरल्याच्या.

हे सगळं अम्माला सांगितलं.
ती सुपात विड्या वळत होती. मोजणी न मोडता म्हणाली,
तुझ्याआधी एक होती, अकरा दिवसांची.
नाव ठेवलं नव्हतं, मग लिहिणार काय?
आणि पुढचं पान कातरायला घेतलं.

नायनांना विचारलं, आपण कुठवर?
लचमय्या. त्यांचे वडील नरसय्या.
त्यापलीकडे तेलंगणातलं एक गाव,
नाव जिभेवर येतं म्हणाले, बाहेर येत नाही.
कुनपुली यायचा चित्रांची गुंडाळी घेऊन,
मार्कंडेयापासून सगळ्यांची नावं म्हणायचा.
मी लहान होतो,
चित्रं बघत बसलो.

लीड्सच्या बाईंना सरळ वंश हवा,
तो थोरल्यावरून उतरतो.
अ‍ॅग्नेससाठी फॉर्मात रकाना नाही.
शेऱ्यात मात्र दोनशे अक्षरं बसतात.
मी लिहिलं : एक मुलगी, अ‍ॅग्नेस. तारखा बरोबर आहेत.
मेंढी मिळाली की नाही, नोंद नाही.

अजून बरीच जागा उरली होती.
कर्सर लुकलुकत राहिला.
तेवढ्यात पलीकडची खटाखट थांबली.

यूपीएस वीस मिनिटं चालतो.